श्रमदानाला माणसे बोलावण्याआधी

स्वयंसेवक मिळत नाहीत, ही आपल्याकडची नेहमीची तक्रार आहे आणि मला ती बहुतेक वेळा पटत नाही. १ मे २०१८ रोजी गावोगावी जलसंधारणाचे काम उभे करणाऱ्या पाणी फाउंडेशनच्या महाश्रमदानाला मुंबई-पुण्याची माणसे ऐन उन्हाळ्यात दुष्काळी तालुक्यांतल्या माळांवर कुदळ-फावडी घेऊन उतरली होती. माणसे येतात. आलेल्या माणसांना कोणते काम द्यायचे, हे बोलावणाऱ्याने अनेकदा ठरवलेले नसते.

सलग समतल चराचेच काम घ्या. लांबून ते नुसते खणणे वाटते. पण हा चर उताराला आडवा आणि सबंध लांबीत एकाच पातळीवर असावा लागतो. पातळी चुकली की पावसाचे पाणी जागच्या जागी मुरण्याऐवजी सखल टोकाकडे धावते, तिथला भराव फोडते आणि मातीसकट ओढ्याला लागते. शंभर उत्साही माणसांनी चुकीच्या रेषेवर घाम गाळण्यापेक्षा त्यांनी घरी बसलेले परवडले. म्हणून ए-फ्रेम किंवा हायड्रोमार्कर ही समपातळी शोधण्याची साधी साधने घेऊन आदल्या दिवशीच आखणी करायची आणि रेषेवर फक्की टाकून ठेवायची. पाणी फाउंडेशनची वॉटर कप ही गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा २०१६ साली ३ तालुक्यांत सुरू झाली आणि २०१८ मध्ये ७५ तालुक्यांत पोचली, त्यात संस्थेचा संस्थापक अभिनेता आमिर खान या नावाचा वाटा होताच (तो नाकारणे हा ढोंगीपणा ठरेल). तरी स्पर्धेपूर्वी गावकऱ्यांना दिलेले प्रशिक्षण मला अधिक मोलाचे वाटते, कारण त्यामुळे पाहुण्यांच्या हाती कुदळ देण्याआधी ती कुठे मारायची हे सांगणारे माणूस गावातच तयार झाले.

याच कामाविषयीचा एक आक्षेप मात्र मला आजही रास्त वाटतो. शहरातला माणूस सुट्टीचा दिवस देतो, तर भूमिहीन मजूर दिवसाची मजुरी सोडतो, आणि अडवलेले पाणी वाढते ते शेजाऱ्याच्या विहिरीत. दोघांनाही ‘श्रमदाते’ म्हणून एकाच रांगेत उभे करणारे नियोजन मला अन्यायाचे वाटते. अशा मजुराचे काम रोजगार हमीत बसवता येईल का, हे श्रमदानाची तारीख ठरवण्याआधी पाहायला हवे.

आपल्या महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे. दोन वर्षांत २४० तास आणि ७ दिवसांचे विशेष शिबिर, हा तिचा हिशेब. तास मोजणे सोपे असल्यामुळे वहीत तास भरतात. चर समतल निघाला का, याची नोंद सहसा कोणी मागत नाही. साधारण १०० विद्यार्थ्यांच्या एककामागे एक कार्यक्रम अधिकारी, आणि तोही आपले तास घेऊन उरलेल्या वेळात हे सारे सांभाळणारा प्राध्यापक. त्याने प्रत्येकाच्या कुदळीकडे लक्ष द्यावे ही अपेक्षाच चुकीची आहे. त्यापेक्षा दुसऱ्या वर्षाच्या दहा-बारा मुलामुलींना शिबिरापूर्वी दोन दिवस आखणी शिकवावी, प्रत्येकाकडे पहिल्या वर्षाचा एक गट सोपवावा आणि रेषा चुकली तर काम थांबवण्याचा अधिकार त्यांनाच द्यावा, मग समोर सरपंच फोटोसाठी उभे असले तरी.