‘ड्रोन न उडवताच पैसे घेतले’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार काका,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंत, ‘ड्रोनवाला चहा पीत बसला, ड्रोन उडवलाच नाही, साडेनऊ हजार मात्र घेतले.’ तुमची निराशा झाली त्याबद्दल माफी मागतो. फोटो दोन दिवस उशिरा दिले, ती चूक आमचीच.

पण ड्रोन का उडवला नाही, ते इथेच सांगतो, कारण हे वाचूनच लोक फोन करायचं की नाही ते ठरवतात. तुमची सोसायटी विलेपार्ले पूर्वेला, म्हणजे मुंबई विमानतळाच्या शेजारीच. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते. ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणाऱ्या ‘डिजिटल स्काय’ या सरकारी वेबसाइटचा नकाशा गुरुवारी रात्रीच तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅप केला होता, ब्लू टिक आहे. काम शनिवारी. एवढ्यात परवानगी कुठून आणू? शिवाय पोलिसांचे मनाई आदेश निघतात ते वेगळेच. म्हणून गच्चीवर उंच पोल उभारून त्यावर कॅमेरा लावायचं ठरलं, आणि बिलही पोलचंच आहे. ड्रोनचे आम्ही चौदा हजार घेतो.

“पाच मिनिटं उडव रे, कोण बघतंय?” हे तुम्हीच म्हणालात. काका, तेव्हा डोक्यावरून जाणाऱ्या विमानाची चाकं आत जाताना दिसत होती! एक लाखापर्यंतचा दंड सोडा, ड्रोनचे हप्ते चालू आहेत तेही सोडा. मागे वसईत घारीने झडप घालून माझा एक ड्रोन खाडीत पाडला. नुकसान झालं, पण कोणाच्या डोक्यावर पडला नाही, याचंच बरं वाटलं होतं. इथे खाली तुमच्याच सोसायटीतली मुलं क्रिकेट खेळत होती.

आणि चहाचं. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे, सेक्रेटरी देवळात. चाळीस मिनिटं आम्ही सामान घेऊन जिन्यात उभे. तो चहा वॉचमनदादांनी स्वतःच्या पैशाने पाजला.

यापुढे काय ठरलं ते आधी लेखी देत जाऊ, तसं काहीतरी करतोच.

काल तुमच्या गेटवरून जात होतो. रीडेव्हलपमेंटच्या बॅनरवर आमचेच फोटो लागलेत, छान दिसतायत. खाली आमचं नाव नाही, नसू दे. त्या एका स्टारचं मात्र जमलं तर बघा.