फक्त पाणी

डोक्याला शांपू लागला, डोळे मिटले, आणि शॉवरमधून फक्त आवाज आला. एखाद्या म्हाताऱ्यानं कोपऱ्यात बसून घसा खाकरावा तसा. नळ फिरवला, तोही खाकरला. बादली रिकामी. बादली भरून ठेवायची ती आदल्या रात्री सूचना आली तर, आणि मला सूचना आलीच नव्हती. ज्या ग्रुपवर ती येते, त्या ग्रुपवरून मला रात्री अकरा चाळीसला काढून टाकलं होतं.

ग्रुपचं नाव 'फक्त पाणी'. कासचं पाणी आज किती वाजता येणार, मोटर कधी लावणार, टाकी कधी धुणार, एवढ्यापुरताच तो काढलेला. एका फ्लॅटचा एकच नंबर. आमच्या फ्लॅटचा माझा, कारण हिनं सुरुवातीलाच सांगितलं होतं, "असल्या ठिकाणी तुम्हीच बसा." तिला माणसांची पारख आहे.

झालं इतकंच. रात्री तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांनी लिहिलं की 2024 च्या लोकसभेला साताऱ्यात पिपाणीनं, म्हणजे तुतारीसारख्या वाटणाऱ्या एका अपक्षाच्या चिन्हानं, तुतारीची लाखभर मतं खाल्ली. आता साताऱ्यात राहून पिपाणीचा आकडा चुकणं म्हणजे कंदी पेढा कुठला हे विचारण्यासारखं आहे. मी नम्रपणे लिहिलं, लाखभर नव्हे, 37,062. आणि निकालाचा फरक 32,771. म्हणजे तुमचा मुद्दा बरोबर आहे, फक्त आकडा चुकलाय. माझ्या समजुतीप्रमाणे ही मदत होती. साहेबांचं उत्तर आलं : 'तुम्ही कुठल्या गटाचे?'

साहेबांविषयी थोडं सांगायला हवं. माणूस कष्टाळू आहे. दोन बाणांची खूण असलेला, गावभर फिरून आलेला मेसेज 2020 पासून एका वेळी एकालाच पुढे पाठवता येतो. बाकीचे कंटाळून सोडून देतात. साहेब जेवण झालं की बाल्कनीत बसून तोच मेसेज एकेक करून चाळीस ठिकाणी पोचवतात. पूर्वी लोक जप करायचे. शिवाय 18 ऑक्टोबर 2019 च्या शरद पवारांच्या पावसातल्या सभेला ते स्वतः हजर होते, असं ते सांगतात. साताऱ्यात आजवर मला भेटलेला प्रत्येक माणूस त्या सभेत भिजलेला आहे. ते सगळे खरंच आले असते तर जिल्हा परिषदेच्या मैदानापासूनची गर्दी पार वाढेफाट्यापर्यंत लागली असती. मी मात्र त्या संध्याकाळी घरी कांदाभजी खात होतो, आणि हे कबूल करणारा जिल्ह्यातला एकमेव माणूस असेन.

तिथंच थांबायला हवं होतं. पण साहेबांनी पुढचा मेसेज टाकला, 'कराडच्या मातीत जन्मलेल्या यशवंतरावांचा हा जिल्हा', आणि माझा अंगठा आपोआप चालू लागला. जन्म देवराष्ट्र्याचा, मी लिहिलं. 1949 साली दक्षिण सातारा वेगळा काढला, 1960 साली त्याचं नाव सांगली झालं, आणि देवराष्ट्रे आज त्या जिल्ह्यात आहे. साहेबांनी विचारलं, 'म्हणजे यशवंतराव सांगलीचे?' तळमजल्यावरच्या वहिनींचं माहेर मिरजेचं. त्यांनी टाळ्यांचे सहा हात टाकले. त्या सहा हातांनी माझा घात केला.

खाली गेलो तेव्हा अंगावर टॉवेल, डोक्यावर फेस. ग्रुपचे अ‍ॅडमिन जिन्याखाली स्टुलावर बसून पेपर वाचत होते. हे आमचे कंडक्टरकाका. एसटीतून रिटायर होऊन बारा वर्षं झाली, पण अजून कुणी जिना उतरताना दिसलं की त्यांचा हात वर दोरी शोधतो.

"काका, पाणी गेलंय."

"टाकी धुतीत. आठ ते अकरा. रात्रीच टाकलंय की ग्रुपवर."

"मी ग्रुपवर नाही. तुम्हीच काढलंत."

"व्हय," काका म्हणाले, आणि पेपरचं पान उलटलं. "तुमचा स्टॉप आला हुता."

फेस कानात उतरायला लागला. मी म्हटलं, अहो, भांडण दोघांचं होतं. चूक त्यांची होती. आकडा माझा बरोबर होता.

"आकडा बरोबरच हुता. मी बघितलं," काका म्हणाले. "आता मी काय सांगतो ऐका. एकदा वडूज गाडीला दोघं लागली. खिडकीवरनं. एक म्हणतोय माझा रुमाल हुता, दुसरा म्हणतोय रुमाल टाकला म्हणून सीट होत न्हाई. गाडी कोरेगावच्या पुढं गेली तरी मिटंना. मग मी काय केलं?"

"दोघांनाही उतरवलंत."

"खुळं का काय? तिकीट बघितलं. एकाचं तिकीट हुतं, एकाचा पास हुता. पासवाल्याला उतरवलं तर तो वर कंप्लेट करतो. तिकीटवाला काय करतोय? मागनं येणाऱ्या गाडीत बसतोय."

"पण रुमाल कुणाचा होता?"

"तिकीटवाल्याचा."

मी गप्प. काकांनी चष्मा कपाळावर नेला. "साहेबांकडं पास हाय."

"कसला पास?"

"मोटररूमची किल्ली."

पुढं बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी काका बोलले. सातारा-स्वारगेट विनावाहक गाड्या सुरू झाल्यापासून माणसाला शिस्त राहिली नाही. डबल बेल मारणारा माणूसच गाडीत नसला की ज्याला त्याला वाटतं, गाडी आपणच चालवतोय. राजकारणाचंही तसंच. सुट्टे पैसे नसलेलाच जास्त ओरडतो. हे शेवटचं मला उद्देशून होतं का, हे मी अजून ठरवलेलं नाही.

मला खरा राग काढून टाकल्याचा नाही. म्हणजे आहेच. पण गच्चीवरचा व्हॉल्व्ह गेल्या दिवाळीपासून गळतोय. त्याचा फोटो मी याच ग्रुपवर तीन वेळा टाकला. एकदा एक अंगठा आला, तोही नंतर कुणीतरी काढून घेतला. पाण्याच्या ग्रुपवर पाण्यावरून भांडण झालेलं मला आठवत नाही. पिपाणीसाठी मात्र रात्री साडेअकराला नऊ जण जागे होते. मी मोजलेत, निळ्या खुणा बघून. यातल्या एकालाही वाटलं नाही की या गड्याला निदान टाकीचं तरी सांगून ठेवावं. समोरच्या दाराचे तर माझ्याकडून आठवड्याला दोनदा विरजण नेतात. साहेबांचा राग एकवेळ समजतो, त्यांना निदान कशाची तरी चाड आहे. नऊ जणांनी नुसतं वाचलं, आणि बादल्या भरून झोपले.

काकांनी शेवटी घरातून अर्धी बादली आणून दिली. "परत घाला ना ग्रुपवर," मी म्हटलं. आवाजात लाचारी आली होती, पण डोळे चुरचुरत असताना स्वाभिमान धरवत नाही.

"महिनाभर न्हाई. तवर मी चिठ्ठी टाकत जाईन."

आणि ते टाकतात. रोज संध्याकाळी दाराखालून तिकिटाएवढा कागद येतो, 'उद्या 6.30 ते 7.10', आणि कोपऱ्यात एक भोक. पंच अजून घरात ठेवलाय त्यांनी.

त्या दिवशी बादली घेऊन वर निघालो, तर पहिल्याच वळणावर मागून हाक आली. काका जिन्याच्या तोंडाशी उभे होते. आवाज एकदम खाली.

"ते पिपाणीचं किती म्हणाला हुता? आमच्या रिटायर कंडक्टरांच्या ग्रुपवर एक जण सकाळधरनं लाखभर लाखभर करतोय."

बादली एका हातात, दुसऱ्या हातानं टॉवेल धरलेला, आणि फेस पार हनुवटीपर्यंत आलेला.

"सदतीस हजार बासष्ट," मी म्हणालो. "वरचे बासष्ट विसरू नका."