रिक्षा फिरली नाही म्हणून उमेदवार झोपला होता का?

नागपूर महापालिकेची निवडणूक जानेवारीत उरकली, तरी आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एक मजकूर अजून फिरूनच राहिला आहे. थोडक्यात तो असा: ‘ज्याच्या प्रचारात रिक्षा नाही, रॅली नाही, तो लढतच नसतो. एक तर कोणी बसवलेला डमी, नाही तर हौशी. नगरसेवकाला पैसा सोडायची ताकद लागते. अशाला मत म्हणजे मत नालीत.’ दक्षिण नागपुरातल्या आमच्या प्रभागात असा एक ‘हौशी’ अपक्ष उभा होता. त्याचा प्रचार मी माझ्या फाटकाशी उभा राहून पाहिला, म्हणून हे लिहितो.

आधी ‘लढतच नसतो’ हे घेऊ. पक्षाचं चिन्ह लोकांना वर्षानुवर्षं पाठ असतं. अपक्षाला ते मिळालं 3 जानेवारीला. 13 ला प्रचार बंद, 15 ला मतदान. म्हणजे हाती पुरते दहा दिवस. आता प्रभाग केवढा ते पाहा. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 24 लाखांच्या वर, आणि प्रभाग 38. भागाकार केला की एका प्रभागात 63 हजार माणसं येतात. घरटी साडेचार धरा, तर 14 हजार घरं, रोजची 1,400. एका दारात दोनच मिनिटं थांबायचं म्हटलं तरी दिवसाचे शेहेचाळीस तास लागतात. पायी फिरणाऱ्याला हे गणित सुटतच नाही. ‘आमच्याकडे तर तो आलाच नाही’ असं म्हणणाऱ्यांनी त्याच्या आळसाआधी प्रभागाचा नकाशा बघावा. चार सदस्यांचा हा अवाढव्य प्रभाग रिक्षावाल्यासाठीच कापलाय की काय, असं मला तरी वाटतं.

माझ्याकडे तो आला तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. कानाला मफलर. गल्लीतली कुत्री मागे लागतात म्हणून स्कूटी बंद करून ढकलत आणलेली. हातात पत्रकांचा गठ्ठा, एकाच बाजूला छापलेला, तळाशी बारीक अक्षरात मुद्रकाचं नाव आणि ‘प्रती 3,000’. कपबशीचं चित्र इतकं काळं उठलं होतं की आमच्या हिनं विचारलं, ‘भाऊ, हा तवा आहे का?’ ‘कपबशीच आहे ताई, शाई जास्त झाली,’ म्हणाला. मग चौकातल्या गडरच्या, म्हणजे गटाराच्या, झाकणाचा विषय निघाला. ते कधीपासून नाही, त्यात कोणाची गाडी गेली, तक्रार किती वेळा झाली, हे सगळं त्याच्या वहीत होतं. मी त्या चौकातून रोज जातो, मला यातलं अर्धंही माहीत नव्हतं.

आता डमी. डमी असतात, नाही कोण म्हणतो? नावाला नाव जुळवून उभे केलेले, मतं फोडायला उभे केलेले सगळ्यांनीच पाहिलेत. पण मशीनवर नाव आलं की डमीचं काम झालं. थंडीत दुसऱ्याच्या फाटकाशी उभं राहून झाकणावर बोलायची त्याला काय गरज? हा काही पक्का पुरावा नव्हे, मान्य. पण रिक्षा नसणं हाही पुरावा नव्हे, आणि त्या मजकुरात त्याशिवाय दुसरं काही दिलेलंच नाही.

‘पैसा सोडायची ताकद’ यावर फार बोलण्यासारखं नाही. यंदा नागपुरात एका उमेदवाराला खर्चाची मर्यादा 15 लाखांची होती. पण नगरसेवक स्वतःच्या खिशातून नाली बांधत नसतो. पैसा महापालिकेचा, फाईल झोन ऑफिसातली. मार्च 2022 पासून जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. संक्रांतीच्या आधीच ज्यांनी हळदीकुंकवाची वाणं वाटली, त्यांच्या ताकदीतला एक रुपया त्या चार वर्षांत आमच्या झाकणापर्यंत पोचला नाही.

राहिलं ‘मत नालीत’. हे लिहिणाऱ्यानं स्वतः मतदान केलं की नाही, अशी मला शंका आहे. आमच्या प्रभागात जागा चार होत्या आणि मतंही चार. अ, ब, क, ड, प्रत्येक जागेची यादी वेगळी, निकाल वेगळा. एका जागेवर अपक्षाचं बटण दाबलं म्हणून बाकीच्या तीन जागांवरचं पक्षाचं मत कुठे जात नाही. पॅनलच्या पॅनल दाबा, हे पक्षांनी सांगितलेलं. मशीन तसं काही मागत नाही. अपक्ष निवडून येणं अवघड असतं, हे मात्र कबूल. 2017 मध्ये 151 नगरसेवकांत अपक्ष होता एक. आमचाही यंदा पडला.

निकालानंतर तिसऱ्या दिवशी तो परत दिसला. ओळखीच्या एकाच्या कंपाउंडवर त्याचा एकुलता एक फ्लेक्स बांधलेला होता, त्याच्या गाठी स्वतःच सोडत होता. म्हटलं, दुकानवाला नेईल की. म्हणाला, ‘काका, महिनाभरात खर्चाचा हिशोब द्यायचा आहे. फ्लेक्सचं बिल आहे, पण या सुतळीचं घ्यायचंच राहिलं. किती मीटर आहे ते मोजतो.’