गरुड पुराण घरात ठेवल्याने कोणी जात नाही

पितृपक्ष जवळ आला की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. लाल भडक अक्षरं, खाली रेड्यावर बसलेला यम. मजकूर थोडक्यात असा: गरुड पुराण हा मृत्यूचा ग्रंथ आहे, तो घरात ठेवू नये, घरात कोणी गेलेलं नसताना तो उघडला तर मृत्यू घर शोधत येतो, त्यात 28 नरकांच्या शिक्षा आहेत, आणि एकदा नरकात पडलेला जीव कायमचा अडकतो, म्हणून मागे राहिलेल्यांनी अमुक अमुक दान करावंच. चांगली शिकलेली माणसंही हे पुढे ढकलतात. विषाची परीक्षा कशाला, म्हणून.

आधी 'मृत्यूचा ग्रंथ' हेच घेऊ. गरुड पुराणाचा सगळ्यात मोठा भाग म्हणजे आचारकांड, म्हणजेच पूर्वखंड. त्यात जवळपास 240 अध्याय आहेत. मरणानंतरच्या वाटेबद्दलचं प्रेतकांड त्यामानाने छोटं. आवृत्तीप्रमाणे संख्या कमीजास्त होते, पण ते पन्नाशी ओलांडत नाही. आचारकांडात काय नाही? धन्वंतरीने सुश्रुताला सांगितलेली रोगांची निदानं आहेत, व्याकरण आहे, छंदःशास्त्र आहे, राजनीतीची सुभाषितं आहेत. अध्याय 68 ते 80 तर सरळसरळ रत्नपारख्याची वही वाटावी असे. हिरा बाकीच्या रत्नांवर ओरखडा काढतो, त्याच्यावर मात्र त्यांचा ओरखडा उठत नाही, ही खऱ्या हिऱ्याची पारख तिथे दिलेली आहे. मोती हत्ती, ढग, डुक्कर, शंख, मासा, साप, बांबू आणि शिंपला अशा आठ ठिकाणी होतात, असंही म्हटलंय. त्यातल्या सातांवर विश्वास ठेवायची सक्ती नाही.

या रत्नांची कथा मला फार आवडते. बल नावाचा असुर देवांना जिंकता येईना. म्हणून त्यांनी त्याच्याकडे मागणंच मागितलं, आमच्या यज्ञात पशू हो. तो शब्दाला जागला आणि मेला. त्याच्या हाडांचे हिरे झाले, दातांचे मोती, रक्ताची माणकं, पित्ताचे पाचू. म्हणजे मरण या ग्रंथात आहेच, पण ते घर शोधत येणारं मरण नव्हे.

घरोघरी कोणी गेल्यानंतरच्या दिवसांत वाचतात ते मुळात हे पुराण नव्हेच. तो असतो 'सारोद्धार', नौनिधिराम नावाच्या पंडिताने केलेला 16 अध्यायांचा संक्षेप. आपण त्यालाच गरुड पुराण म्हणतो आणि मग अख्ख्या पुराणाला घाबरतो. बरं, संक्षेपात तरी 'एरवी वाचू नये' असं आहे का? दहा दिवसांच्या आत ऐकावं असं शेवटी म्हटलंय, ते खरं. त्यामुळे दिवसांत वाचायच्या प्रथेला आधार आहे, आणि ती कुणी मोडावी असं माझं म्हणणं नाही. पण त्याच फलश्रुतीत, म्हणजे ऐकण्याचं फळ सांगणाऱ्या शेवटच्या भागात, 'श्रोतव्यं सर्वदैव हि' असंही आहे. सदासर्वदा ऐकावं. आचारकांडाच्या सुरुवातीलाच हे वाचणाऱ्याला विद्या, कीर्ती, लक्ष्मी, जय आणि आरोग्य मिळतं असं सांगितलंय. आणि कथेचे पहिले श्रोते कोण? नैमिषारण्यात यज्ञाला बसलेले शौनकादी ऋषी. त्यांच्याकडे कोणाचं सुतक नव्हतं. जे पुस्तक फक्त सुतकातच कपाटातून निघतं, त्याला सुतक चिकटणारच. त्यात पुस्तकाचा काय दोष? आणि घरात ठेवल्याने कोणी जात असतं, तर छापणाऱ्या गीता प्रेसच्या गोदामाची काय अवस्था झाली असती!

28 नरकांचा मुद्दा पटकन उरकतो. सारोद्धाराच्या तिसऱ्या अध्यायात नरक चौऱ्याऐंशी लाख आणि त्यातले मुख्य 21 म्हटलेत. 28 चा आकडा, आणि कोणत्या पापाला कोणता नरक ही नीट लावलेली यादी, भागवताच्या पाचव्या स्कंधातल्या 26व्या अध्यायात आहे. अंधकूप, कृमिभोजन ही नावं लोकांच्या तोंडी बसली ती बरीचशी 2005 च्या 'अन्नियन' या तमिळ सिनेमामुळे, जो हिंदीत 'अपरिचित' म्हणून टीव्हीवर पुन्हा पुन्हा लागतो. सिनेमात नाव गरुड पुराणाचं घेतलं, म्हणून मेसेजमध्येही तेच.

आता 'कायमचा अडकतो'. हे सगळ्यात चुकीचं आहे, कारण इथे ग्रंथाचा पायाच उलटा केला जातो. न संपणारा नरक पाहायचा तर इटालियन कवी दान्तेच्या 'इन्फर्नो'त जावं. तिथल्या दारावरच लिहिलंय की मी अनंतकाळ टिकणार, आत येणाऱ्यांनो, सगळी आशा सोडा. गरुड पुराणातला नरक ही वाटेवरची भोगायची जागा आहे. भोग सरला की जीव पुन्हा जन्माला येतो, आणि सारोद्धाराचा पाचवा अध्याय कोणत्या पापाच्या कोणत्या खुणा घेऊन येतो हेच सांगत बसतो. (त्या यादीत आजारी आणि अपंग माणसांना पापी ठरवलंय. जातीपातीचा आणि बायकांबद्दलचा मजकूरही आजच्या माणसाला झोंबेल असा आहे. ते झाकायचं कारण नाही.) या व्यवस्थेत शाश्वत काही असेल तर ते ब्रह्म आणि मोक्ष. यातना शाश्वत नाही.

यमाच्या नगरीपर्यंतची वाट वर्षभराची, 86,000 योजनांची, मध्ये 16 पुरं. त्या वाटेवर मेलेला माणूस काय म्हणून रडतो, ते ऐकण्यासारखं आहे. निर्जळ मुलखात माणसांसाठी, गुराढोरांसाठी, पाखरांसाठी मी एक तळं खोदलं नाही, म्हणून तो रडतो. पोरांनी माझ्या नावाने दान केलं नाही, हे त्याचं रडगाणं नव्हे. शेवटी तो स्वतःलाच सुनावतो: बाबा रे, तू केलंस ते तूच निस्तर.

दानाचं मात्र मेसेजवाल्यांनी मनचं घातलेलं नाही. तीळ, लोखंड, सोनं, कापूस, मीठ, सप्तधान्य, जमीन आणि गाय ही आठ महादानं आठव्या अध्यायात आहेत. यमाच्या वाटेवरची वैतरणी नदी ओलांडायला गाय आहे, पुढे शय्यादानही आहे. लिहिणाऱ्यांचा स्वार्थ त्यात नव्हता असं कोण म्हणेल? पण मेसेजमध्ये गाळलेली गोष्ट अशी की ही आठ दानं मरायला टेकलेल्या माणसाने स्वतः द्यायची आहेत, आणि धडधाकट असताना आपल्या हाताने दिलेल्याचं मोल मागच्यांनी दिलेल्यापेक्षा कितीतरी पट धरलंय. त्या आधारावर सुतकातल्या घराला दहशत घालून पाकीट भरायला लावणं ग्रंथातही बसत नाही.

शेवटचा, सोळावा अध्याय मोक्षाचा. तो कर्मकांडावरच घसरतो. अंगाला माती नि राख फासून मुक्ती मिळत असेल, तर त्याच मातीत नि राखेत कायम लोळणारा कुत्रा मुक्त होतो का? उघडीनागडी गाढवं गावभर हिंडतात, ती विरक्त का? जन्मापासून मरेपर्यंत गंगेत राहणारे बेडूक नि मासे योगी झाले का? हे विष्णू स्वतः गरुडाला विचारतोय. मेसेजमध्ये हा अध्याय कधी दिसत नाही. पुष्कळ घरांत वाचतानाही तो उरकला जातो, कारण तोवर तेराव्याला जेवायला किती पानं होणार याची मोजदाद आत सुरू झालेली असते.