ओट्याखालचे जर्मन, मोरीतले अमेरिकन

भाचा सुटीत राहायला आला की टीव्ही त्याचा होतो, याबद्दल माझी तक्रार नाही. यंदा स्वयंपाकघरातली झुरळंही त्याची झाली, याबद्दल आहे.

याला जबाबदार 'ऑगी अँड द कॉक्रोचेस'. १९९८ पासून चाललेलं फ्रेंच कार्टून. त्यात ऑगी नावाचा निळा, ढेरपोट्या, गरीब स्वभावाचा बोका आणि त्याच्या घरात भाडं न भरता राहणारी तीन झुरळं: जोई, डीडी, मार्की. ही नावं न्यूयॉर्कच्या 'रॅमोन्स' या रॉक बँडमधल्या मंडळींची. मुळात या कार्टूनमध्ये कोणी बोलतच नाही. नुसती आदळआपट आणि किंकाळ्या, त्यामुळे ते कुठल्याही देशात खपतं. पण गप्प बसलेलं माणूस आपल्याला बघवत नाही, तिथे बोका कसा बघवेल? हिंदीत आणताना ऑगीला शाहरुख खानच्या ढंगाचा आवाज दिला आणि त्याच्या भाऊबंदाला, जॅकला, सनी देओलचा. असं हे फ्रान्स, अमेरिका आणि मुंबई यांचं भागीदारीतलं घर सात मिनिटांत जमीनदोस्त होतं आणि पुढच्या भागात जिथल्या तिथे उभं असतं. आमच्याकडे मिक्सरचं भांडं फुटलं की फुटलं.

एका रात्री पाणी प्यायला उठलो. दिवा लावला तर ओट्यावर तिघं. मी आवाज न करता चप्पल काढली, नेम धरला, आणि मागून ओंकार ओरडला, "मामा, थांब! तो जोई आहे!"

"कशावरून?"

"सगळ्यात आधी पळाला ना, म्हणून. डोकं त्याचंच चालतं. तो पोळीच्या तुकड्यापाशी थांबलाय ना, तो डीडी. खादाड."

तिसऱ्याची ओळख व्हायच्या आत मी चप्पल हाणली. ती तेलाच्या बरणीला लागली. ओंकारने टाळ्या पिटल्या. "अगदी ऑगी!" एवढ्यात बायको आली. तिने ओट्यावरून कपाटावर आणि कपाटावरून फरशीवर निघालेलं तेल पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "अहो, आता हे पुसणार कोण? जॅक?"

दुसऱ्या दिवशी तिने बोरिक पावडर, साखर आणि कणीक मळून गोळ्या केल्या आणि सिंकखाली, सिलिंडरमागे ठेवल्या. संध्याकाळी एकही जागेवर नव्हती. झुरळांनी फस्त केल्या म्हणून आम्ही खूश. मग चिरंजीवांनी सांगितलं की त्याने सगळ्या वेचून कचऱ्यात टाकल्या, कारण "डीडी काहीही खातो, त्याला कळत नाही." आधी त्याचे हात साबणाने दोनदा धुतले, मग ओरडा दिला. नव्या भागांत ऑगीकडे भारतातून पिया नावाची हत्तीण राहायला येते, हे त्याने मला त्याच जेवणात सांगितलं. माझा घास अडकला.

शेवटी पेस्ट कंट्रोलवाला बोलावला. त्याने बॅटरी मारून पाहिलं आणि निर्विकारपणे जाहीर केलं, "ओट्याखाली जर्मन आहेत. मोरीत अमेरिकन." क्षणभर मला, का कोण जाणे, बरं वाटलं. नंतर वाचून काढलं तर दोन्ही पासपोर्ट खोटे. बारक्या झुरळाला लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७६७ साली जर्मनीचं नाव दिलं खरं, पण २०२४ च्या जनुकीय अभ्यासाप्रमाणे ते साधारण २,१०० वर्षांपूर्वी आपल्याच बाजूला, भारत किंवा म्यानमारमध्ये, माणसांच्या वस्तीला सोकावून तयार झालं. आणि मोरीतलं दांडगं, तांबडं अमेरिकन मूळचं आफ्रिकेचं, जहाजांतून गेलेलं. ही सगळी माहिती मी उत्साहाने बायकोला दिली. ती म्हणाली, "म्हणजे जर्मन माहेरपणाला आलीत. तरीच हलत नाहीत."

पेस्ट कंट्रोलवाला कपाटांच्या बिजागऱ्यांपाशी काडीच्या गुलाएवढे जेलचे ठिपके देत होता. एक खातं, घरट्यात जाऊन मरतं, मग त्याची विष्ठा आणि मढं खाऊन बाकीची जातात, असं तो मला समजावत होता. ओंकारचा चेहरा पडत चालला.

"तिघंपण मरणार?"

गृहस्थाने सिरिंज खाली ठेवली. त्याच्याही घरी पोर असणार. "छे! ते तिघं मला बघून आधीच सटकले. वरच्या मजल्यावर."

जेल देऊन तो गेला, पैसे घेऊन गेला, आणि आम्ही जरा टेकतोय तोवर ओंकार वरच्या काकूंच्या दारात उभा राहून विचारत होता, "आमचे जोई, डीडी, मार्की तुमच्याकडे आलेत का? काळे नाहीत, तपकिरी. मामाने पाठवलेत."

रात्री सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला: "तिसऱ्या मजल्यावरून झुरळे जाणूनबुजून वर सोडली जात असल्याचे समजते. संबंधितांनी खुलासा करावा." खाली अकरा जणांचे अंगठे, आणि सेक्रेटरींनी आमच्या थकलेल्या मेंटेनन्सची आठवणही त्यातच उरकून घेतली.