आढी लावा, ओव्हन नको

ओव्हनमध्ये १० मिनिटं ठेवला की अ‍ॅव्होकॅडो पिकतो, असं एका लेखात वाचलं. मऊ होतो हो, पिकत नाही! मी करून बघितलंय, चव कच्च्या दुधीसारखी. हे फळ झाडावर पिकतच नाही, तोडल्यावरच पिकतं. त्यामुळे मंडईतून दगडासारखं आणलं तरी चालतं. आमच्या सासूबाई सरळ आंब्यासारखी आढी लावतात: कागदी पिशवीत एक पिकलेलं केळं सोबत, आणि पिशवी तांदळाच्या डब्यात. केळ्यातून फळं पिकवणारा इथिलीन वायू सुटतो, ३-४ दिवसांत काम होतं. पुण्याच्या एप्रिलात त्याहून लवकर. रंगावर जाऊ नका. हास जातीचं काळं पडतं, पण हिरव्या सालीची कितीतरी पिकूनही हिरवीच राहतात. देठापाशी अंगठ्याने हलकेच दाबून बघा. फ्रिजमध्ये पिकल्यावरच, आधी नाही.