“आत्या, नोबिताचा अर्थ काय गं?”

परवा रात्री जेवताना भाच्याने हा प्रश्न टाकला. सहावीत आहे. शाळेतून स्वतःच्या आणि आईबाबांच्या नावांचे अर्थ लिहून आणायला सांगितले होते. स्वतःचा त्याने दोन ओळींत उरकला होता, पण डोराएमॉन या जपानी कार्टूनमधल्या नोबितासाठी मात्र हातातला घास थांबला. मी नोकरी सांभाळून पुण्यात दोन वर्षं संध्याकाळच्या वर्गांना जाऊन जपानी शिकले. आमच्या घरच्यांच्या मते त्या फीमधला वसूल झालेला हा पहिला रुपया.

तर ‘नोबिरु’ म्हणजे वाढणं, लांब होणं. ‘नोबिनोबि’ म्हणजे मोकळेपणाने, ऐसपैस. मुलगा झाडासारखा आभाळाकडे वाढावा म्हणून बापाने हे नाव ठेवलं, असं मूळ मांगात, म्हणजे जपानी चित्रकथेतच आहे. पण याच ‘नोबिरु’चा आणखी एक अर्थ आहे, मार खाऊन किंवा थकून आडवा होणं. आणि तिसरा, सूपमध्ये जास्त वेळ राहिलेल्या शेवया फुगून लिबलिबीत होणं. बापाने पहिला अर्थ मनात धरला, त्याला बडवणारा दांडगट जियान रोज दुसरा दाखवून देतो आणि तिसरा नोबिता परीक्षेच्या दिवशी स्वतःच सिद्ध करतो.

त्याच कार्टूनमधल्या सुनिओच्या नावात ‘सुनेरु’ आहे, म्हणजे फुरंगटणं. आडनाव होनेकावा. कानाला ऐकू येतं ‘हाड-कातडी’, पण लिहिताना कातडीच्या जागी नदीचं चिन्ह, म्हणजे कागदावर अगदी साळसूद आडनाव. डेकिसुगीचंही तेच. ऐकलं तर ‘जरा जास्तच चांगला झालेला’, वाचलं तर त्यात सुगीचं झाड. (ही आपली सुगी नव्हे. देवदारासारखा सरळसोट वाढणारा जपानी वृक्ष आहे.) शिझुका म्हणजे शांत. जियान हा तर सरळ इंग्रजी ‘जायंट’, त्याचं खरं नाव ताकेशी गोदा. आणि डोराएमॉन? ‘दोरानेको’ म्हणजे उंडगा, भटका बोका. ‘एमोन’ हे जुन्या काळच्या पुरुषांच्या नावांना लागणारं शेपूट, आपल्या राव-पंतांच्या जातकुळीतलं. बाविसाव्या शतकातून आलेला यंत्रबोका आणि नाव असं पेशवाईतलं.

“म्हणजे बोकेराव,” स्वयंपाकघरातून आई म्हणाली. मला नाही वाटत याहून चांगलं भाषांतर कुणी केलं असेल.

गंमत अशी, की आपल्याकडेही अशी नावं पोत्याने आहेत. गोडबोले, वाघमारे, दहातोंडे. पण दहातोंडे आडनावाच्या माणसाची तोंडं कुणी मोजत नाही, वापरून वापरून अर्थ झिजलेला असतो. जपानी लेखक नवीन नाव घडवतो ते अर्थ ऐकू यावा म्हणूनच. आपल्या मुलांना मात्र टीव्हीवर फक्त आवाज पोचला. विनोद तिकडेच राहिला.

तरीही माझं मत स्पष्ट आहे: डबिंग करताना नावं बदलू नयेत. २०१४ साली अमेरिकेत डोराएमॉन दाखवायला घेतला तेव्हा नोबिताचा नोबी झाला, जियानचा बिग जी, सुनिओचा स्नीच, शिझुकाची सू. येनच्या नोटांचेसुद्धा डॉलर झाले. कशासाठी? आमचा भाचा चार वर्षांचा असताना, ‘र’ नीट म्हणता येत नव्हता तेव्हाही ‘शिझुका’ व्यवस्थित म्हणायचा. मुलांच्या जिभेची काळजी मोठ्यांनी जरा कमी करावी. पोकेमॉनच्या बाबतीत आपणही फसलो. ते आपल्याकडे इंग्रजीवरून आलं, म्हणून निर्माते सातोशी ताजिरी यांचं नाव मिरवणारा त्यातला नायक सातोशी आपल्याला ‘ॲश’ म्हणून भेटला. मूळ अर्थ शहाणा, समंजस. आपल्या वाट्याला राख.

इतकं ठासून सांगितल्यावर हाँगकाँगचा किस्सा आठवतो आणि माझंच मत थोडं लंगडतं. तिथे पोकेमॉनमधल्या पिकाचूचं तिथल्या कँटोनीज बोलीतलं नाव साधारण ‘बेइ-का-चिउ’ असं होतं. २०१६ मध्ये कंपनीने सगळ्या चिनी भाषकांसाठी एकच लेखन ठरवलं. ते मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, वाचलं तर पिकाचूच्या जवळ जातं, कँटोनीजमध्ये मात्र ‘पेइ-का-याउ’ होतं. लोक फलक घेऊन जपानी वकिलातीसमोर उभे राहिले. पिवळ्या उंदरासाठी मोर्चा! त्यांचं म्हणणं मला पटतं. तेही नाव परक्यानेच दिलेलं होतं, पण वीस वर्षं त्याच नावाने हाका मारल्यावर ते त्यांचं झालं होतं. त्यामुळे मत दुरुस्त करून घेते: आधी बदलू नका, आणि बदललंच असेल तर मग पुन्हा हात लावू नका.

माझा खरा वैताग वेगळाच आहे. ॲनिमेतल्या, म्हणजे जपानी कार्टूनमधल्या, प्रत्येक नावामागे काहीतरी गूढ, आध्यात्मिक अर्थ आहे असं गंभीर संगीत लावून सांगणारी रील्स. अहो, ‘नारुतो’ मालिकेच्या नायकाचं नाव म्हणजे रामेनमध्ये, शेवयांच्या जपानी सूपमध्ये, घालतात तो माशाच्या लगद्याचा काप, मधे गुलाबी चक्र असलेला. त्या कापाला हे नाव मिळालं शिकोकू आणि अवाजी बेटांमधल्या नारुतो सामुद्रधुनीतल्या भोवऱ्यांवरून. आडनाव उझुमाकी, म्हणजेही भोवराच. ज्याच्या पोस्टरसमोर भाचा केस विंचरतो तो त्याच मालिकेतला काकाशी म्हणजे चक्क बुजगावणं. आडनाव हाताके, म्हणजे शेत. बापाचं नाव साकुमो, आणि ‘साकुमोत्सु’ म्हणजे पीक. आधी पीक, मग त्याच्या राखणीला बुजगावणं, अख्खं घराणं शेतकरी. भाचा पाच मिनिटं गप्प होता.

ड्रॅगन बॉल या मालिकेत तर मंडईच भरली आहे. ‘यासाइ’ म्हणजे भाजी, तिची अक्षरं उलटसुलट केली की ‘साइया’, त्यातल्या लढवय्या जमातीचं नाव. मग काकारॉट गाजर, रॅडिट्झ मुळा, नाप्पा पालेभाजी, ब्रोली ब्रोकोली, आणि राजपुत्र व्हेजिटा म्हणजे समस्त भाजीपाला. त्यांचा वैरी कोण, तर फ्रीझा. फ्रीझर! लेखक तोरियामांच्या या पोरकटपणावर माझा फार जीव आहे.

पण गाजराचंच, म्हणजे नायक काकारॉटचंच, दुसरं नाव गोकू, आणि तिथे मी थांबते. सोन गोकू हा सुन वुकोंग या चिनी नावाचा जपानी उच्चार. सोळाव्या शतकातल्या चिनी कादंबरीतलं ते माकड. ‘गो’ म्हणजे बोध, ‘कू’ म्हणजे शून्य. शून्यतेचा बोध झालेला. हे माकड ज्या भिक्षूची राखण करत भारताकडे निघतं तो आपल्या शाळेच्या पुस्तकातला ह्युएनत्संग. सातव्या शतकात तो महाराष्ट्रात आला होता आणि पुलकेशीबद्दल, इथल्या मानी लोकांबद्दल लिहून गेला.

मग सेलर मून या कार्टूनचा विषय निघाला. नायिका त्सुकिनो उसागी. सलग ऐकलं तर ‘चंद्राचा ससा’. इंग्रजीत तिची सेरेना झाली, ससा पळाला. जर्मन आणि फ्रेंचमध्ये बनी केली, तिथे निदान ससा राहिला. जपानी मुलांना चंद्रावर मोची (तांदळाचा चिकट गोळा) कुटणारा ससा दिसतो. चंद्रावर तो पोचला कसा याची कथा जातकातली आहे: भुकेल्या अतिथीला द्यायला काही नाही म्हणून ससा स्वतःच आगीत उडी घेतो आणि शक्र म्हणजे इंद्र त्याचं चित्र चंद्रावर काढून ठेवतो. ती कथा बौद्ध ग्रंथांबरोबर जपानला गेली, बाराव्या शतकातल्या ‘कोंजाकु मोनोगातारी’ या जपानी कथासंग्रहात सापडते. आपल्याकडे तीच गोष्ट एका शब्दात बसली आहे. शश म्हणजे ससा, अंक म्हणजे खूण.

भाच्याचा घास पुन्हा थांबला. कारण माझ्या भावाचं, म्हणजे त्याच्या बापाचं, नाव शशांक आहे.

“म्हणजे बाबा उसागी?”

बाबा तेव्हा समोरच बसून मुळ्याची भाजी खात होता. शाळेच्या वहीत नेमकं काय लिहिलं गेलं ते मी पाहिलेलं नाही. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र शशांकच्या प्रत्येक मेसेजखाली एक ससा येतो, आणि आता आईनेही तो पाठवायला शिकून घेतलाय.